रानडुकरातल्या फ्लूचे नमुने घ्यायचेत? परवानगीचा अर्ज असा करा

परवा एका ज्युनिअरचा मेसेज आला, दादा थीसिससाठी रानडुकरांच्या नाकातले स्वॅब घ्यायचेत, रेंजरसाहेब ओळखीचे आहेत, तेवढ्यावर भागेल ना? नाही भागत बाबा. रेंजरसाहेब चहा पाजतील, पण ही परवानगी त्यांच्या हातातच नाही.

आधी डुक्कर कुठलं ते ठरवा. उकिरड्यावर फिरतं त्याला बहुतेक वेळा कुणीतरी मालक असतोच (डुकराला धक्का लागला की लगेच उगवतो), तिथे मालकाची लेखी संमती आणि कॉलेजच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. रानडुक्कर मात्र वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतं, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये (कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत) आहे. आणि कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं सगळं त्यात धरलंय, म्हणजे तुम्ही स्वॅब घेऊन त्याला सोडून दिलं तरी कागदावर ती शिकारच. म्हणून कलम १२ खाली संशोधनासाठी परवाना काढायचा. तो देतात मुख्य वन्यजीव रक्षक, ऑफिस नागपूरला वनभवनात, आणि अनुसूची एक सोडून बाकीच्या प्राण्यांसाठी त्यांना आधी राज्य सरकारची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे वेळ जातो हे धरूनच चला. अभयारण्यात जायचं असेल तर प्रवेशासाठी कलम २८ ची परवानगी वेगळी.

कायद्यात अर्जदार कुणीही व्यक्ती असं आहे, पण एकट्या विद्यार्थ्याच्या अर्जाला वजन नसतं, गाईडचं पत्र आणि संस्थाप्रमुखांचं फॉरवर्डिंग लेटर जोडून संस्थेमार्फतच पाठवा. सोबत संशोधन प्रस्ताव, नैतिकता समितीची मंजुरी (फॉर्म बी भरून घेतात ती), नमुने तपासणाऱ्या लॅबचं संमतीपत्र, भूल देणाऱ्या डॉक्टरचं पशुवैद्यक नोंदणी प्रमाणपत्र आणि टीममधल्या सगळ्यांची ओळखपत्रं. प्रस्तावात वनविभाग, परिक्षेत्र, महिने आणि डुकरांची संख्या आकड्यात लिहा. एक प्रत स्थानिक उपवनसंरक्षकांना द्या, अभिप्राय शेवटी त्यांच्याकडूनच मागवतात.

आता माझी चूक सांगतो. मी अर्जात फक्त ‘नाकातील स्वॅब’ लिहिलं होतं. फ्लूचा व्हायरस डुकराच्या नाकात जेमतेम आठवडाभर टिकतो, नेमक्या त्याच दिवसांत ते जनावर तुमच्या पिंजऱ्यात यायला नशीब लागतं. रक्तात अँटीबॉडी मात्र पुढे बरेच महिने सापडतात, म्हणजे फ्लू येऊन गेला का हे रक्तच सांगतं. पण परवान्यात रक्त नाही म्हटल्यावर रक्त काढता येत नाही, एवढं मोठं भूल दिलेलं धूड समोर पडलंय आणि आम्ही नाकात काडी घालून परत. तेव्हा स्वॅब, रक्त आणि मेलेल्या डुकराच्या फुफ्फुसाचा तुकडा, तिन्ही पहिल्याच अर्जात लिहा.

मेलेल्यांचं मुद्दाम सांगतोय, कारण गाडीखाली आलेल्या किंवा पीक वाचवायला परवान्याने मारलेल्या डुकराचे नमुने मागितले की पकडापकडीचा प्रश्नच येत नाही आणि साहेब लोकांनाही सही करायला जड जात नाही. फक्त मेलेलं रानडुक्करही कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता आहे, काही हाती आलं तर ४८ तासांत कळवावं लागतं. आणि आजूबाजूला तीनचार डुकरं मेलेली दिसली तर हात न लावता आधी वनखातं आणि पशुसंवर्धनला फोन, कारण ते आफ्रिकन स्वाइन फीव्हर (फ्लू नव्हे, डुकरांचा वेगळाच जीवघेणा साथीचा रोग) असू शकतं, २०२३ च्या जानेवारीत तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात रानडुकरं त्यानेच मेली होती.

प्रस्तावात ‘गरज’ म्हणून काय लिहू असंही विचारतात. डुकराच्या श्वासनलिकेत माणसाचा आणि पक्ष्यांचा दोन्ही फ्लू चिकटतो, दोन्ही एकत्र आले तर नवाच व्हायरस तयार होऊ शकतो, एवढं पुरे. २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लू काय होता ते तिथल्या कुणालाही समजवावं लागत नाही.

परवाना आला की जंगलात जायच्या आधी रेंज ऑफिसला प्रत द्या, मूळ परवाना गाडीत ठेवा, आणि ट्यूबवर नंबर पेन्सिलीने लिहा, बर्फाच्या डब्यात शाई पुसली जाते.