डिजिटल प्रत-संरक्षण आणि वैध ग्राहक
संगीत, चित्रपट, पुस्तके, खेळ व सॉफ्टवेअर यांच्या अनधिकृत प्रती निघू नयेत म्हणून योजलेल्या तांत्रिक कुलपांना डिजिटल प्रत-संरक्षण म्हणतात. त्यांचा रीतसर पैसे भरणाऱ्या ग्राहकावर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे.

या उपायांचा प्रारंभ साधारणपणे १९७० च्या दशकाच्या अखेरीस, घरगुती संगणकांच्या प्रसाराबरोबर झाला असावा. संरक्षित फ्लॉपी आधीची की संगणकाला जोडायची हार्डवेअर-किल्ली (डोंगल) आधीची, हे संरक्षण कशाला म्हणायचे यावर अवलंबून राहते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र फ्लॉपीपासून आरंभ करणे अधिक सयुक्तिक ठरते. फ्लॉपीतील एखादा सेक्टर (माहिती साठवण्याचा लहान भाग) निर्मितीच्या वेळी मुद्दाम सदोष ठेवला जाई. नेहमीच्या ड्राइव्हला तो दोष जसाच्या तसा लिहिता येत नसे, त्यामुळे नकलेत तो उतरत नसे आणि तो न आढळल्यास प्रोग्राम चालण्यास नकार देई. फ्लॉपी सहज खराब होणारी वस्तू होती, आणि अमेरिकेत १९८० च्या कायदादुरुस्तीने प्रोग्रामची राखीव प्रत काढण्याची मुभा दिली होती. परंतु राखीव प्रत कोणती आणि चोरीची कोणती हे कुलपाला ओळखता येत नव्हते. हे वैगुण्य पुढील पद्धतींतही कायम राहिले.

एन्क्रिप्शनवर आधारलेल्या पद्धतींत मजकूर सांकेतिक रूपात दिला जातो, पण तो उलगडणारी किल्ली अखेर ग्राहकाच्याच उपकरणापर्यंत पोहोचवावी लागते. डीव्हीडीवरील सीएसएस ही पद्धत १९९९ मध्ये भेदली गेली. कुलूप एकाने तोडले की पुढे पसरणारी प्रत कुलूपविरहित असते, आणि तपासणीचा जाच विकत घेणाऱ्याच्याच वाट्याला उरतो. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या काही ऑडिओ सीडी संगणकात घातल्यावर एक्ससीपी नावाचे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये शिरून स्वतःला लपवत असे, आणि घातक प्रोग्रामांनी त्याच आडोशाचा फायदा घेतला. त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. हा धोका सीडी विकत घेणाऱ्यांनाच होता, ही बाब विशेष गंभीर मानली पाहिजे.

सर्व्हरकडून परवानगी घेणाऱ्या पद्धतींत खरेदीचे आयुष्य विक्रेत्याच्या व्यवसायाशी बांधले जाते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, परंतु पुस्तके उघडेनाशी झाली. सेफडिस्क या संरक्षणाचा ड्रायव्हर (ते विंडोजमध्ये चालवणारा साहाय्यक प्रोग्राम) सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० मध्ये (२०१५) वगळण्यात आल्यावर त्यावर विसंबलेल्या जुन्या खेळांच्या मूळ चकत्याही त्या प्रणालीवर चालेनाशा झाल्या. अंध वाचकांची अडचण निराळी आहे: कुलपामुळे ई-पुस्तकाचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचू शकत नाही. अशा अडथळ्यामुळे कायद्याने दिलेली सवलत निष्फळ होऊ नये, अशी तरतूद २०१३ च्या माराकेश करारात आहे.

कुलूप तोडण्याविरुद्ध कायदेशीर संरक्षण देण्याचे बंधन १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) प्रताधिकार कराराने सदस्य देशांवर घातले. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात वैध वापरासाठी कुलूप तोडणेही सामान्यतः निषिद्ध आहे आणि अपवाद दर तीन वर्षांनी ठरवले जातात. भारतीय प्रताधिकार कायद्याच्या २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५अ नुसार मात्र हक्कभंगाचा हेतू असल्यासच शिक्षा होते. प्रामाणिक ग्राहकाच्या बाबतीत ही मांडणी अधिक न्याय्य आहे.

संगीताच्या विक्रीतून ही कुलपे बरीचशी नाहीशी झाली. ॲपलच्या आयट्यून्स दुकानाने २००९ मध्ये गाण्यांवरील कुलूप काढले. चित्रपट, ई-पुस्तके व खेळ यांत ती अद्याप रूढ आहेत. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने तसे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावे लागते.