विषाणूचा साथीदार

'पिशवीच्या तोंडाला सूज' असं रिपोर्टात आलं, की खान्देशात घरच्यांना दोनच उपाय सुचतात: पिशवी काढून टाका, नाहीतर ताकदीच्या गोळ्या चालू करा. हल्ली त्या गोळ्यांच्या डबीवर 'अँटिऑक्सिडंट' असं छापलेलं असतं.

गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरमागे एचपीव्ही विषाणू असतो. हाराल्ड झुर हाउसेन यांनी 1983 मध्ये त्याचा 16 क्रमांकाचा प्रकार शोधला, पुढच्या वर्षी 18 वा. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. सुमारे 70 टक्के कॅन्सर या दोन प्रकारांमुळेच होतात. तरी लागण झालेल्या बहुतेक बायकांच्या शरीरातून विषाणू वर्ष-दोन वर्षांत औषधाविना निघून जातो. थोड्या जणींत मात्र तो मुक्काम ठोकतो, आणि तिथे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा हात असू शकतो.

पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा काही आक्रमक रेणू तयार होतात. ग्लुटाथिऑनसारखे पदार्थ, म्हणजेच अँटिऑक्सिडंट, ते निकामी करतात. पण सूज दीर्घकाळ राहिली, तंबाखूचा धूर शरीरात गेला, की हिशेब बिघडतो (हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस) आणि हे रेणू डीएनएचे धागे तोडतात. एचपीव्हीचा डीएनए एरवी पेशीत सुटा, गोल वेटोळं करून असतो. तुटलेली जागा मिळाली की तो आपल्या डीएनएत घुसू शकतो. घुसताना पुष्कळदा त्याचं ई2 हे जनुक तुटतं, आणि तेच तर विषाणूच्या ई6 व ई7 या जनुकांना आवरून धरत असतं! मोकाट सुटलेलं ई6 आपल्या पी53 या राखणदार प्रथिनाचा नाश करतं, ई7 दुसऱ्या राखणदाराला जखडतं. तरीही कॅन्सर व्हायला साधारण 15-20 वर्षं जातात.

म्हणजे हा स्ट्रेस साथीदार; मूळ गुन्हेगार विषाणूच. म्हणून गोळ्यांवर माझा भरवसा नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट दिलं, तेव्हा फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढला. 1994 मध्ये तो निकाल आला. भाजीपाला खुशाल खा, विडी मात्र सोडा. पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूरही टाळता आला तर बरंच.

खरा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 30 हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला, 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही चाचणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

तिशीनंतर तक्रार नसली तरी तपासणी करायची. मुलींसाठी 9 ते 14 हे लशीचं उत्तम वय. पुण्यात तयार झालेली लसही आता आहे. लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, त्यामुळे ती घेतलेल्यांनाही पुढे तपासणी सुटत नाही. आणि पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर शिबिराची वाट न पाहता थेट डॉक्टरकडे.