डग्ग्याचा घुमारा आणि खोलीचा कोपरा

पुण्यात माझ्या मावसभावाने नव्या फ्लॅटमध्ये दोन उभे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, घेतला. वास्तुसल्लागाराने विजेची उपकरणे आग्नेयेला ठेवा असे सांगितल्यामुळे सबवूफर दिवाणखान्याच्या आग्नेय कोपऱ्यात गेला आणि सोफा समोरच्या भिंतीला टेकला. एका संध्याकाळी आम्ही एकल तबलावादनाचे ध्वनिमुद्रण लावले. सोफ्यावर बसलेल्या मला डग्ग्याच्या एका आघाताचा घुमारा पुढच्या आघातात मिसळून नुसते घोंघावणे ऐकू येत होते, सोफ्यापुढे सतरंजीवर बसलेली त्याची मुलगी मात्र म्हणाली, "काका, इथे डग्गा वाजतच नाहीये." तिच्या आणि माझ्या कानांत जेमतेम तीन फुटांचे अंतर होते. दुकानदाराने यावर याहून मोठा सबवूफर घ्या असा उपाय सुचवला होता, आणि तो ऐकूनच हा लेख लिहायला घेतला.

शाळेत आपण शिकलो की 22 अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 344 मीटर असतो. या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. दहा हजार हर्ट्झच्या किणकिणाटाची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही, तर 70 हर्ट्झच्या खर्जाची जवळजवळ 4.9 मीटर, म्हणजे 16 फूट भरते. भावाचा दिवाणखाना 16 फूट लांब, 10 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. खर्जाचा एकच तरंग अख्खी खोली व्यापतो ही गोष्ट एकदा लक्षात आली की पुढचे सारे उलगडत जाते.

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. गर्दीच्या रांगेत मागून रेटा आला की सर्वांत जास्त चेंगराचेंगरी बंद दाराशी होते, तसेच भिंतीपाशी होते: तिथल्या हवेच्या कणांना पुढे सरकायला जागा नसते, म्हणून त्यांची हालचाल जवळजवळ शून्य असते, पण दाबाचा चढउतार सर्वाधिक असतो. भिंतीवरून परतलेला तरंग आणि नव्याने येणारा तरंग एकमेकांत मिसळतात. समोरासमोरच्या दोन भिंतींतील अंतरात अर्ध्या तरंगलांबीचे पूर्ण पट बसले तर या मिसळण्यातून स्थिर तरंग तयार होतो. तो पुढे सरकत नाही. खोलीतल्या ठरावीक जागी दाब सतत जोराने हेलकावतो आणि ठरावीक जागी मुळीच हेलकावत नाही.

सोळा फुटांच्या लांबीत असे तरंग सुमारे 35, 70 आणि 106 हर्ट्झला बसतात. दहा फुटांच्या रुंदीत पहिला तरंग 56 हर्ट्झला आणि साडेनऊ फुटांच्या उंचीत 59 हर्ट्झला बसतो. हे शेवटचे दोन आकडे इतके जवळ आहेत की ते एकमेकांवर चढतात आणि तेवढ्या पट्ट्यात ही खोली अवास्तव घुमते. रुंदी आणि उंची जवळपास सारखी असलेल्या आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार वारंवार आढळतो.

आता फक्त 70 हर्ट्झचा तरंग घेऊ. त्याचा दाब दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि खोलीच्या बरोबर मध्यावर, म्हणजे आठ फुटांवर, सर्वाधिक असतो. चौथ्या आणि बाराव्या फुटावर तो शून्य होतो. आपला कान दाब ऐकतो, कणांची हालचाल ऐकत नाही. सोफ्यावर माझे डोके भिंतीपासून फूटभर होते आणि सोफ्यापुढे बसलेल्या मुलीचे जवळजवळ चार फूट, म्हणून एकाच डग्ग्याचे दोन टोकाचे अनुभव आम्हाला आले. वादक मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा स्वर चढवत नेतो, तेव्हा तो स्वर वाटेत खोलीच्या या ठरावीक वारंवारता ओलांडतो. प्रत्येक ठिकाणी तो फुगतो किंवा विझतो आणि वादकाने जपलेली ती सलग मींड तुटून जाते. शिवाय सिमेंटच्या भिंती खर्ज फारसा शोषत नसल्याने आघात थांबल्यावरही खोली वाजत राहते.

हे पडताळण्यासाठी आम्ही मोबाइलच्या ॲपवरून 70 हर्ट्झचा सलग स्वर सोडला. शोकेसची काच थरथरू लागली. मुलगी सोफ्यामागच्या भिंतीपासून गुडघ्यांवर रांगत पुढे निघाली आणि स्वर जिथे नाहीसा झाला तिथे तिने फरशीवर खडूने रेघ मारली. टेपने मोजले तेव्हा रेघ भिंतीपासून चार फुटांना दोन बोटे कमी अंतरावर निघाली. सहावीतल्या मुलीने उघड्या कानाने स्थिर तरंगाचा निस्पंद बिंदू, म्हणजे दाब शून्य असलेली जागा, शोधला, याचा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

जे कानाला लागू आहे तेच स्पीकरलाही लागू आहे. जिथे एखाद्या तरंगाचा दाब सर्वाधिक असतो, तिथे ठेवलेला सबवूफर त्या तरंगाला पूर्ण जोर देतो; जिथे दाब शून्य असतो, तिथून तो त्याला हलवू शकत नाही. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन एकत्र येतात, त्यामुळे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींतील प्रत्येक तरंगाचा दाब तिथे सर्वाधिक असतो. हे आग्नेय कोपऱ्याला जितके लागू आहे तितकेच ईशान्येलाही, कारण हवेचा दाब दिशा ओळखत नाही. घर बांधताना ऊन आणि वारा पाहणे शहाणपणाचे आहे; परंतु ध्वनियंत्रणेची जागा वास्तुशास्त्राच्या तक्त्यावरून ठरवणे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे आणि तिच्यासाठी लोक सल्ल्याची फी मोजतात याचे मला वाईट वाटते. हजारो रुपयांच्या केबलींनी खर्ज सुधारतो असे सांगणाऱ्या जाहिराती त्याच पंक्तीतल्या आहेत, कारण केबल बदलून भिंतींमधले अंतर बदलत नाही.

मोठा सबवूफर हाही उपाय नाही. आवाज दहा डेसिबलने वाढवायला दसपट शक्ती लागते. पण निस्पंद बिंदूपाशी जाणारा आणि परतणारा असे दोन्ही तरंग सारख्याच प्रमाणात वाढतात आणि पुन्हा एकमेकांना खोडतात. सतरंजीवर शांतताच राहते, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी मात्र तक्रार घेऊन येतात.

भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा इंचभर जाडीचा फोम लावण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. सच्छिद्र पदार्थ ध्वनी शोषतो तो त्याच्या छिद्रांतून हवा पुढेमागे घासत गेल्यामुळे. भिंतीलगत तर हवा हलतच नाही. ती सर्वाधिक हलते पाव तरंगलांबीवर, आणि 70 हर्ट्झसाठी ते अंतर पुन्हा तेच चार फूट आहे. इंचभर फोम उंच स्वर शोषतो, खर्जाला तसाच सोडतो आणि खोलीतले घोंघावणे उलट अधिक ठळक करतो. पुठ्ठ्याचे ट्रे तर उंच स्वरांनाही नीट आवरत नाहीत.

उंच स्वरांचा प्रश्न वेगळा आणि सोपा आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. 1895 मध्ये वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे तो दोष दूर करण्याचे काम आले. त्याने सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून रात्री-अपरात्री निनादाचा काळ मोजला आणि खोलीचे घनफळ व तिची शोषणक्षमता यांवरून तो काळ काढण्याचे सूत्र दिले. जुन्या वाड्यांतील बैठकीत गाद्या, लोड आणि लाकडी तक्तपोशी असे. आजच्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशी आणि सरकत्या काचा असतात, म्हणून तिथे टाळी वाजवली की मागून कोरडी टर्रर्र ऐकू येते. पडदे, सतरंजी आणि पुस्तकांचे भरलेले कपाट यांनी बरेच काम होते. स्पीकर आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण साधावा. मग कोणीतरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा आणि आसनावरून आरशात स्पीकर दिसेल त्या जागी जाड गोधडी टांगावी.

सबवूफरची जागा आम्ही उलट्या वाटेने शोधली. त्याला उचलून सोफ्यावर ठेवले, ध्वनिमुद्रण लावले आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐकत गेलो. जिथे डग्ग्याचा प्रत्येक आघात सुटा आणि सारख्या वजनाचा ऐकू आला, तीच त्याची जागा. ती निघाली लांब भिंतीलगत, सोफ्यासमोरच्या टीव्हीच्या भिंतीपासून चार फुटांवर, म्हणजे 70 हर्ट्झच्या दुसऱ्या निस्पंद बिंदूवर. सोफा दीड फूट पुढे घेतला. सोफ्यावर बसून ऐकताना मींड आता सलग वाटते. 35 हर्ट्झचा पहिला तरंग मात्र तिथूनही हलतो. डग्गा इतका खाली उतरत नाही, पण चित्रपटांतले स्फोट उतरतात. तो फुगवटा भावाने ॲम्प्लिफायरच्या इक्वलायझरवर, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा जोर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, सहा डेसिबलने खाली आणला आहे, कारण खड्डा भरता येत नसला तरी फुगवटा कापता येतो.