रात्र मोजणारी पाने

नाताळात आणलेला लालबुंद पॉइन्सेटिया चर्चच्या बागेत लावला आणि पुढच्या डिसेंबरात तो हिरवाच राहिला, की दोष खताला दिला जातो, नाहीतर थंडीला. आधी मान वर करून पाहावे. इमारतीवर रात्रभर प्रखर दिवे असतील, तर कारण बहुधा तेच.

पॉइन्सेटिया मूळचा मेक्सिकोचा. त्याचा लाल भाग म्हणजे रंग बदललेली पाने; खरी फुले मधोमध, पिवळसर आणि बारीक. हा रंग यायला लांब रात्री लागतात, त्याही सलग काही आठवडे. अशा वनस्पतींना ‘अल्पदिवसीय’ म्हणतात, कारण 1920 साली गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखूच्या एका वाणावर प्रयोग केले, तेव्हा दिवस लहान झाला की फूल येते असे दिसले. पण 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झांथियम या तणावर उलटी तपासणी केली. दिवसा मध्येच अंधार केला तरी फुलण्यात फरक पडेना. लांब रात्रीत मध्येच थोडा वेळ दिवा लावला, की फुलणे बंद! म्हणजे झाड मोजत होते ती रात्र.

हे कळते पानाला. पानात फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते आणि त्याची दोन रूपे असतात. तांबड्या प्रकाशात ते सक्रिय रूपात जाते, अंधारात हळूहळू निष्क्रिय रूपाकडे परतते. मध्यरात्री तांबडा प्रकाश पडला की ते पुन्हा सक्रिय होते आणि लांब रात्र वाया जाते. मात्र लगेच त्याहून लांब तरंगलांबीचा, म्हणजे ‘दूर-तांबडा’ प्रकाश दिला, तर आधीचा परिणाम पुसला जातो! मला या साऱ्या शोधातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. तास मोजण्याचे काम पेशींतले जैविक घड्याळ करते. हिशेब जुळला की पानात एफटी हे प्रथिन तयार होते आणि अन्नरसाबरोबर वाहत शेंड्याच्या कोंबापर्यंत जाते. तिथे पानांऐवजी कळ्या घडू लागतात. असा निरोप्या असणार, हे चैलाख्यान यांनी 1930च्या दशकातच सुचवले होते. तो एफटीच, याचा भक्कम पुरावा 2007 मध्ये आला.

नाताळला फुलणाऱ्या झाडांच्या चमत्कारकथा याच अज्ञानावर पोसल्या गेल्या. इंग्लंडमधला ग्लास्टनबरीचा काटेरी वृक्ष म्हणजे हिवाळ्यात आणि वसंतात असा दोनदा फुलणारा हॉथॉर्नचा प्रकार. 1752 मध्ये तिथे कॅलेंडर 11 दिवस पुढे सरकवले, तेव्हा त्याच्या कलमापासून वाढल्याचे मानले जाणारे झाड कोणत्या तारखेला फुलते, यावरून लोक खरा नाताळ ठरवू पाहत होते. कॅलेंडर बदलले म्हणून रात्र काही लांबली नव्हती.

ईस्टर लिलीची गोष्ट वेगळी. जपानच्या र्युक्यू बेटांवरच्या या कंदाला मुख्यतः थंडीचा इशारा लागतो. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांत कधीही येतो, म्हणून उत्पादक कंद सुमारे सहा आठवडे गारव्यात ठेवतात आणि पुढे उमलणारी पाने मोजत काचगृहाची ऊब कमी-जास्त करतात. ईस्टरनंतर तीच लिली बागेत लावली, तर उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत ती पुढे जून-जुलैच्या सुमाराला फुलते.