सीबीनॅट–ट्रूनॅट तपासणी: कोणाची होते, काय न्यायचं, रिपोर्ट कसा वाचायचा

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घाम, उतरलेलं वजन किंवा बेडक्यातून रक्त, यांपैकी काही असेल तर टीबीचा (क्षयरोगाचा) जंतू यंत्रावर शोधणारी ही तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही त्या यंत्रांची नावं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, केशरी-पिवळ्या रेशनकार्डाचाही प्रश्न नाही. घरात टीबीचा रुग्ण असेल किंवा एचआयव्ही असेल, तर दोन आठवडे वाट बघत बसू नका.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशाताईंमार्फत करा. यंत्र तिथे नसलं तरी नमुना पुढे पाठवता येतो. खाजगी डॉक्टरही चिठ्ठी देऊन पाठवू शकतात. केंद्रावर नाव, पत्ता, मोबाइल नंबर घेऊन टीबी रुग्णांच्या सरकारी 'निक्षय' पोर्टलवर नोंद होते. तो निक्षय आयडी जपून ठेवा, पुढची औषधं आणि पैसे त्यावरच चालतात. आधार कार्ड आणि बँक पासबुकाची झेरॉक्स सोबत असू द्या. त्यांचं खरं काम निदानानंतर, आहारासाठी पैसे देणाऱ्या निक्षय पोषण योजनेसाठी. उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपयांप्रमाणे रक्कम खात्यात जमा होते. १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ही रक्कम ५०० होती.

कागदांपेक्षा जास्त घोळ होतो तो नमुन्याच्या डबीत. तिथे बेडका हवा, थुंकी नको. नुसती लाळ दिली की जंतू असूनही सापडत नाहीत. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. दोन ते पाच मिलिलिटर पुरे. झाकण घट्ट लावा. औषधं सुरू होण्याआधीच नमुना गेलेला बरा. गाठीचा किंवा मणक्याचा टीबी असेल तर नमुना डॉक्टर त्या जागेतून काढतात. रक्त तपासून टीबी सांगणाऱ्या अँटिबॉडी चाचण्यांवर मात्र भारतात २०१२ पासून बंदी आहे.

यंत्र जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा पुन्हापुन्हा वाढवून ओळखतं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली न दिसलेला जंतूही पकडला जातो. सीबीनॅटला सुमारे दोन तास लागतात. ट्रूनॅट गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं आहे, बॅटरीवर चालतं, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावातही टिकतं.

रिपोर्टवर दोन ओळी बघा. 'एमटीबी डिटेक्टेड' म्हणजे टीबीचा जंतू आहे. 'रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड' म्हणजे रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालणार नाही, उपचार वेगळे. 'इनव्हॅलिड' किंवा 'एरर' आलं तर ते निगेटिव्ह समजू नका, तपासणी पुन्हा करायची असते.

आणि उपचार चालू असताना "बरा झालो का बघू" म्हणून ही तपासणी मागू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही यात दिसतो. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखालची साधी बेडका तपासणी किंवा कल्चर (जिवंत जंतू वाढतात का ते बघणं) करतात. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टोल-फ्री नंबर आहे.