रीलोड (सिस्को ॲक्सेस सर्व्हर)

नेटवर्क यंत्रे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या आयओएस प्रणालीवर चालणारा राउटर किंवा रिमोट ॲक्सेस सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची कमांड. डायल-अपच्या काळात फोनवरून आलेले कॉल मोडेममार्फत नेटवर्कला जोडून देण्याचे काम सिस्कोचे २५११ (मोडेम जोडण्यासाठी १६ असिंक्रोनस लाइन) किंवा एएस५३०० असे सर्व्हर करत. यंत्र एका गावात आणि ते सांभाळणारा दुसऱ्याच गावात, ही नेहमीची गोष्ट. रीबूट फसला तर तिथे माणूस धाडण्यावाचून इलाज नसे. या कमांडचे पर्याय समजून घ्यायचे ते याच अंगाने.

नुसते 'रीलोड' टाइप केले आणि कॉन्फिगरेशनमधले बदल साठवायचे राहिले असतील, तर सर्व्हर आधी ते सेव्ह करायचे का, असे विचारतो. मग रीलोडची खात्री करून घेतो. एंटर दाबला की सगळे कॉल एकदम तुटतात, आणि एका ई१ पीआरआय लाइनवर (अनेक कॉल एकत्र वाहणारी डिजिटल फोन लाइन) तसे ३० कॉल असू शकतात.

'रीलोड ॲट' ठरल्या वेळी रीबूट करते. त्यासाठी घड्याळ आधी लावलेले हवे. 'रीलोड इन' आतापासून दिलेल्या मिनिटांनी. मुदत फार तर सुमारे २४ दिवसांची. 'शो रीलोड' ठरलेली वेळ दाखवते, 'रीलोड कॅन्सल' ती रद्द करते.

यांतला खरा मोलाचा पर्याय 'रीलोड इन'. दुरून ॲक्सेस-लिस्ट (कोणती वाहतूक आत येऊ द्यायची याचे नियम) किंवा राउटिंग बदलणे म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणे. म्हणून बदलाआधी 'रीलोड इन १०' द्यायचे आणि बदल सेव्ह न करता करून पाहायचा. संपर्क तुटलाच, तर दहा मिनिटांनी सर्व्हर जुन्या, साठवलेल्या कॉन्फिगरेशनवर उठतो. सगळे नीट चालले तर आधी 'रीलोड कॅन्सल', मग सेव्ह. बदल पारखण्याआधीच सेव्ह केले तर बिघडलेले कॉन्फिगरेशनच साठते आणि ही सोय वाया जाते.

कॉन्फिगरेशन रजिस्टरही (यंत्राने कसे बूट व्हायचे ते ठरवणारा आकडा) पाहून घ्यावे. नेहमीचे मूल्य ०x२१०२. ते ०x२१४२ राहिले असेल (पासवर्ड काढताना असे ठेवतात), तर सर्व्हर साठवलेले कॉन्फिगरेशन न वाचताच उठतो आणि दुरून हाती लागत नाही. शेवटचा अंक शून्य असेल तर सर्व्हर रॉम मॉनिटरवरच (आयओएसच्या आधी चालणारा मूळ प्रोग्राम) थांबतो. आपोआप बूट होण्याची व्यवस्था नसेल तर आयओएस टेलनेटवरून (नेटवर्कवरून दुरून) आलेली रीलोड कमांड मुळात स्वीकारतच नाही. ही अट अत्यंत शहाणपणाची आहे.

ग्राहकांची गैरसोय टाळायची तर एएस५३०० वर आधी 'मोडेम बिझीआउट' द्यावे. चालू कॉल तुटत नाहीत, ते संपतील तसे मोडेम बाजूला होतात. कॉल अर्धवट तुटले तर रेडियस सर्व्हरवर (ग्राहकांची ओळख आणि वापराचा हिशेब ठेवणारा) त्यांची 'स्टॉप', म्हणजे कॉल संपल्याची, नोंद व्हायची राहून जाऊ शकते, आणि घरी गेलेला ग्राहकही हिशेबात जोडलेलाच दिसतो. ॲक्सेस सर्व्हर उठल्यावर रेडियसकडे 'अकाउंटिंग-ऑन' संदेश जातो, तो अशा लोंबकळत्या नोंदी मिटवण्याच्या कामी येतो.