रस्त्याला न मानवलेली वाहने

वेगळ्या घडणीचे वाहन आपटले की खापर त्याच्या रूपावर फुटते. क्रायस्लरच्या ‘एअरफ्लो’पुरते ते बरेचसे खरे आहे. १९३४ मध्ये अमेरिकेत आलेल्या या गाडीचा आकार वातबोगद्यातल्या, म्हणजे वाऱ्याचा झोत सोडून घेतलेल्या चाचण्यांवरून ठरला होता. इंजिन पुढे सरकवल्याने मागे बसणाऱ्याला हादरेही कमी बसत. पण गिऱ्हाइकांना लांब, ताठ नाकाच्या गाड्यांची सवय होती. त्यात पहिल्या गाड्यांमध्ये दोष निघाले, आणि १९३७ मध्ये एअरफ्लो बंद झाली. थोड्याच वर्षांत तसेच गोलसर आकार सर्रास दिसू लागले!

‘सिंक्लेअर सी५’चे दुखणे निराळे होते. ब्रिटनमध्ये १९८३ च्या नियमांनी विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकलींना मोकळीक दिली. चालवणारा १४ वर्षांचा असला आणि वेग ताशी १५ मैलांच्या आत राहिला, की ना लायसन्स लागे, ना विमा. स्वस्त घरगुती कॉम्प्युटरमुळे नावाजलेल्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी या चौकटीत नेमके बसेल असे वाहन आखले: तीन चाके, पेडल, २५० वॅटची मोटर, हँडल मांड्यांखाली, किंमत ३९९ पौंड. कायद्याच्या कागदावर सगळे चोख. रस्त्यावर मात्र त्याची उंची जेमतेम ८० सेंटीमीटर, म्हणजे शेजारून ट्रक गेला की चालवणाऱ्याचे डोके त्याच्या चाकाशी. इतरांच्या नजरेस पडावे म्हणून मागे लावायची उंच काठीसुद्धा वेगळे पैसे मोजून घ्यायची. डोक्यावर छप्पर नसलेले हे वाहन लोकांसमोर आणले कधी, तर १० जानेवारी १९८५ रोजी, लंडनच्या ऐन हिवाळ्यात. जुळणी वॉशिंग मशीन बनवणाऱ्या हूव्हर कंपनीच्या वेल्समधल्या कारखान्यात होत असल्याने ‘आत वॉशिंग मशीनची मोटर आहे’ अशी आवई उठली. ती खोटी होती, पण चिकटली ती कायमची. एकदा हसे झाल्यावर त्यात बसून चारचौघांत जाणार कोण? सुमारे १४,००० वाहने बनल्यावर ऑगस्टमध्येच उत्पादन थांबले.

‘सेगवे’ने उलटी चूक केली. संशोधक डीन केमन यांचे हे शेजारी-शेजारी दोन चाकांचे, उभ्याने चालवायचे यंत्र तोल स्वतःच सांभाळी, आणि ही खरोखर अफाट करामत होती. डिसेंबर २००१ मध्ये ते जाहीर होण्याआधीच त्याचा एवढा गाजावाजा झाला, की शहरे त्याच्याभोवती नव्याने बांधली जातील असे बोलले गेले. पण ते चालवायचे कुठे? पायी चालणाऱ्यांना ते फूटपाथवर धोक्याचे वाटे, मोटारींमध्ये ते अगदीच हळू पडे. सॅन फ्रान्सिस्कोने २००२ मध्येच फूटपाथवर बंदी घातली. किंमत सुमारे ५,००० डॉलर. मग ते उरले सुरक्षारक्षक आणि पर्यटकांपुरते. २०२० मध्ये मूळ मॉडेल थांबले, तोवर जेमतेम १,४०,००० विकली गेली होती.

कंपनी २०१५ मध्येच चीनच्या नाइनबॉटने घेतली होती. आता सेगवे हे नाव साध्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरवर दिसते. फूटपाथ की रस्ता, हा वाद तिच्याही मागे लागलेला आहेच.